जॅकवेलमधला भोवरा जाळीत सापडत का नाही?

सांडवा | सोमवार, रात्री ९:१०

मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे. आज अडलंय म्हणून लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी पंपांच्या कामात आहे. कृष्णाकाठच्या एका उपसा सिंचन योजनेचं जॅकवेल आहे. १२ मीटर व्यासाची गोल विहीर, नदीकडून एका अंगाने येणारा इनटेक कालवा, आत तीन उभे टर्बाइन पंप. प्रत्येकाचं बेलमाऊथ (पाणी ओढणारं घंटेसारखं तोंड) १ मीटर व्यासाचं आणि तळापासून अर्धा मीटर वर. एक पंप सेकंदाला साधारण १३३५ लिटर ओढतो, म्हणजे बेलच्या तोंडाशी वेग १.७ मीटर प्रति सेकंद. सगळं पुस्तकात छापल्यासारखं.

भानगड अशी, की दोन नंबरचा पंप वाजतो. आत कुणी मूठभर खडी टाकल्यासारखा. बेअरिंगला व्हायब्रेशन आहे, इंपेलर (पंपाचं फिरतं चाक) एकदा काढून बघितला तर पात्यांना खड्डे. पाणी कमी म्हणावं तर तेही नाही. उन्हाळ्यातसुद्धा बेलच्या तोंडावर २.६ मीटर पाणी असतं. हायड्रॉलिक इन्स्टिट्यूटच्या ९.८ क्रमांकाच्या मानकातलं किमान बुडीचं (सबमर्जन्स) सूत्र लावलं (बेलचा व्यास गुणिले १ अधिक २.३ पट फ्राउड अंक, म्हणजे गुरुत्वाच्या तुलनेत पाण्याचा वेग), तर २.२५ मीटरमध्ये भागायला हवं.

तोंडाशी भोवरा होत असावा असा संशय. साहेबांनी सांगितलं, सीएफडी (पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर सोडवणं) करून दाखव. केलं. ओपनफोम नावाचा प्रोग्रॅम, पाण्याची जाळी १८ लाख सेलची (ठोकळ्यांची), सरासरी ६ सेंटिमीटरचे. टर्ब्युलन्ससाठी (पाण्यातल्या खळबळीसाठी) के-एप्सिलॉन मॉडेल, स्टेडी (वेळेनुसार बदल न धरता), पाण्याच्या पृष्ठभागावर सपाट झाकण धरलं. दुसऱ्या ऑर्डरला (जास्त अचूक रीत) सोल्यूशन उडत होतं, म्हणून पहिल्या ऑर्डरचं अपविंड (ढोबळ, पण न उडणारी रीत) ठेवलं. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) सुतासारखे सरळ खाली गेले. रंगीत स्ट्रीमलाइनचा रिपोर्ट दिला. भोवरा नाही, काही नाही.

तिथला पंप ऑपरेटर रिपोर्ट चाळून म्हणाला, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरात पंप वाजत नाही. हितं वाजतोय."

प्रश्न असा: कॉलम पाइप, बेल, रिब (आधाराच्या पट्ट्या), कोपरे, गोल भिंत, तिरका कालवा अशा वेड्यावाकड्या त्रिमितीय आकारासाठी माझी पद्धतच चुकली का? टेट्रा (चार त्रिकोणी बाजूंच्या सेलची) जाळी घ्यायला हवी होती? की लॅटिस बोल्ट्झमन वगैरे दुसऱ्या रीतींकडे वळावं? जाणकारांनी उजेड पाडावा.

उगाच_एक | सोमवार, रात्री ९:२२

मला यातलं शाट कळलं नाही, पण ऑपरेटरसाठी टाळ्या. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

काटकोन | सोमवार, रात्री १०:४०

सांडवा, पद्धत चुकली नाही. तू पाण्याऐवजी काकवीत पंप चालवलास.

हिशोब मांडतो. पहिल्या ऑर्डरच्या अपविंडमध्ये सेलच्या कडेवरची किंमत म्हणून वरच्या अंगाच्या सेलची किंमत तशीच उचलली जाते. टेलर मालिकेत उघडून बघितलं तर ही उचलेगिरी म्हणजे समीकरणात गुपचूप घुसवलेली जास्तीची चिकटाई असते, आकाराने वेग गुणिले सेलची लांबी भागिले दोन. तुझ्या विहिरीत वेग ०.३ मीटर प्रति सेकंद धरू, सेल ०.०६ मीटर. उत्तर ०.००९. पाण्याची खरी कायनेमॅटिक चिकटाई त्याच एककात ०.०००००१, म्हणजे दहा लाखात एक. तुझं पाणी ९००० पट दाट झालं. दाट काकवी साधारण याच पंगतीत बसते.

प्रवाह जाळीच्या रेषेतून सरळ वाहत असेल तर याचा त्रास फारसा जाणवत नाही, कारण आडव्या दिशेला काही पसरत नाही. पण भोवरा गोल फिरतो आणि तुझे सेल चौकोनी. म्हणजे बहुतेक ठिकाणी प्रवाह सेलला तिरकाच जाणार, आणि तिरका गेला की पसरणारच.

आता पसरल्याने काय बिघडतं? भोवऱ्याचं एकूण फिरणं, म्हणजे परिघ गुणिले वेग, तेवढंच राहिलं आणि गाभ्याची त्रिज्या दुप्पट झाली, तर गाभ्याच्या कडेचा वेग निम्मा होतो. रँकिनच्या साध्या भोवऱ्यात मध्यावरचा दाब घनता गुणिले वेगाचा वर्ग इतका पडतो. ४ मीटर प्रति सेकंदाच्या भोवऱ्यात १६ किलोपास्कल, म्हणजे १.६ मीटर पाणी. वेग निम्मा झाला की ०.४ मीटर. तुझा गाभा असेल तीन-चार सेंटिमीटरचा, अख्खा एका सेलच्या पोटात मावणारा. तो दिसणार कसा?

त्यात के-एप्सिलॉन. जोरात फिरणाऱ्या प्रवाहात ते टर्ब्युलन्सची चिकटाई भरमसाट वाढवून ठेवतं. त्यात स्टेडी. खरा भोवरा जागा बदलतो, मरतो, परत उठतो. तिन्ही उशा त्याच्या तोंडावर ठेवल्यास आणि आता विचारतोस, श्वास का घेत नाही.

टेट्राने सुटणार नाही. टेट्रा कुठल्याही आकारात बसते हे खरं, पण तेवढ्याच अचूकतेला सेल कितीतरी जास्त लागतात आणि भिंतीजवळ ती भिकार. तुझ्या स्नॅपीच्या (ओपनफोमचं जाळी विणायचं अवजार) षट्फलक जाळीतच राहा. बेलखाली बारीक कर, दुसऱ्या ऑर्डरला जा आणि वेळ चालू ठेवून सोडव.

आणि "दुसऱ्या ऑर्डरला उडतं" याचं औषध पहिली ऑर्डर नव्हे. ते उडतंय म्हणजे जाळीत कुठेतरी घाण आहे. चेकमेशचा (जाळी तपासणीचा) निकाल टाक इथे.

मेशपात्र | सोमवार, रात्री ११:०५

काटकोनसर, दंडवत. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे (आयडी बघून हसू नका, विचार करून घेतलाय). दोन बाळबोध प्रश्न. दाबाला स्वतःचं समीकरणच नाही असं वर्गात सांगितलं, मग दाब निघतो कुठून? आणि माझ्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर किती सेल बसतील?

काटकोन | सोमवार, रात्री ११:३०

दुसऱ्याचं उत्तर आधी: ढोबळमानाने दहा लाख सेलला एक-दोन जीबी मेमरी. ५० लाखांच्या वर गेलास की लॅपटॉपचा पंखाच तुझं सीएफडी शिकवेल.

पहिला प्रश्न बाळबोध नाही, त्याच्यावर लोकांचं आयुष्य गेलंय. न दबणाऱ्या द्रवात वेगाची तीन समीकरणं असतात, आणि चौथी एक अट: जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. दाब कुठेच सुटा येत नाही. म्हणून आधी दाब अंदाजाने धरायचा, त्यावर वेग काढायचे, मग प्रत्येक सेलमध्ये पाणी किती जमलं किंवा कमी पडलं ते बघायचं आणि ती तूट भरून निघेल इतका दाब दुरुस्त करायचा. परत वेग, परत दुरुस्ती. हीच सिंपल नावाची रीत, १९७२ सालची, पाटणकर आणि स्पाल्डिंग यांची. यातले पाटणकर म्हणजे आपले सुहास पाटणकर: जन्म पुण्याचा, १९६२ ला सीओईपीतून इंजिनिअर, मग आयआयटी मुंबई, १९६७ ला लंडनच्या इम्पीरियल कॉलेजची पीएचडी, पुढे मिनेसोटात प्राध्यापक. त्यांचं १९८० सालचं निळसर नव्हे, अगदी सडपातळ असं पुस्तक (रंगावरून भांडू नका, माझ्याकडे झेरॉक्स होती) आजही वाच. ही खोटी पसरण त्यात नीट उलगडून सांगितली आहे.

त्यातली एक गंमत सांडव्याच्याही कामाची. दाब आणि वेग दोन्ही सेलच्या मध्यावर ठेवले, तर एकाआड एक सेलमध्ये दाब कमी-जास्त असा बुद्धिबळाचा पट तयार होतो आणि गणिताला तो दिसतच नाही. त्याला वाटतं सगळं शांत. जुना उपाय: वेग सेलच्या कडेवर ठेवा आणि दाब मध्ये. हार्लो आणि वेल्श यांनी लॉस अलामॉसला १९६५ मध्ये हेच केलं. चौकोनी डब्यात झकास चालतं. पण बेलमाऊथभोवतीच्या वाकड्यातिकड्या सेलमध्ये कड कुठल्या दिशेला आहे याचाच पत्ता नसतो. १९८३ मध्ये री आणि चाऊ यांनी कडेवरचा वेग काढतानाच दाबाची एक दुरुस्ती त्यात मिसळली, आणि सगळं मध्यावर ठेवूनही पट नाहीसा झाला. आज वेड्यावाकड्या आकारांवर चालणारे बहुतेक फायनाइट व्हॉल्यूम प्रोग्रॅम याच युक्तीच्या वंशातले.

ओपनफोम शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं साहित्य आणि स्पोकन ट्युटोरियल बघ. फुकट आहे.

रक्तगट_ओ | मंगळवार, पहाटे २:१५

(पहाट तुमची. मी नेदरलँड्समध्ये आहे, इथे अजून जेवणं व्हायचीत.)

तुमच्या विहिरीचा निदान नकाशा तरी आहे हो. मी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या फुग्यांवर काम करते. आमचा आकार सीटी स्कॅनमधून येतो, एकेक ठोकळा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, आणि वाहिनी स्वतःच तीन-चार मिलिमीटरची. कडेचा ठोकळा रक्ताचा की भिंतीचा हे ठरवताना हात थोडा इकडेतिकडे झाला की फुग्याची मान रुंद होते आणि आतला प्रवाहच बदलतो. परवाच एका केसमध्ये दोन वाहिन्या नुसत्या शेजारून जात होत्या. प्रोग्रॅमने त्या चिकटवल्या आणि मला एक सुंदर, अस्तित्वात नसलेला जोडरस्ता मिळाला. रक्तही त्यातून बिनतक्रार वाहिलं. गणित कधी कुरकुरत नाही, हाच त्याचा दोष.

लॅटिस बोल्ट्झमनबद्दल विचारलंय म्हणून सांगते. त्याचं आकर्षण हेच, की जाळी विणायचीच नाही. चौकोनी ठोकळ्यांचा ढीग घ्यायचा, द्रवातले आणि भिंतीतले वेगळे करायचे, आणि भिंतीवर आदळलेले कण आल्या पावली परत पाठवायचे. ग्राफिक्स कार्डावर सुसाट पळतं. पण वाकडी भिंत जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. आम्हाला हवा असतो भिंतीवरचा घर्षणताण, आणि पायऱ्यांवर मोजला तर नुसता करवतीसारखा आलेख मिळतो. २००१ साली बुझिदी आणि मंडळींनी भिंत ठोकळ्याच्या नक्की कितव्या हिश्शावर आहे ते धरून परतीचा हिशोब करायची रीत दिली, त्याने बरंच सुधारतं. पण मग "जाळीची कटकट नाही" ही बढाई निम्मी संपते.

तिसरी वाट पेस्किनची. १९७२ मध्ये हृदयाच्या झडपांसाठी त्याने जाळी सरळ चौकोनीच ठेवली आणि झडप म्हणजे त्या जाळीत बुडवलेला, पाण्यावर बल लावणारा धागा, असं मानलं. हलणाऱ्या भागांना याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण भिंत एक-दोन सेलभर पुसट होते. तुमच्या बेलच्या ओठाला ते चालणार नाही असं मला वाटतं. काटकोन सांगतील.

काटकोन | मंगळवार, सकाळी ८:०५

अगदी बरोबर. ओठावर पाणी वळतं, तिथे भिंत पुसट झाली की खेळ खलास. भिंतीचा हिशोबच बघा. बेलमध्ये वेग १.७ म्हणजे घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणातून निघणारं वेगाचं माप) साधारण ०.०७ मीटर प्रति सेकंद. वाय-प्लस (भिंतीपासूनचं अंतर, चिकटाईच्या मापात) १ हवा असेल तर पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून ०.०१४ मिलिमीटरवर. विहीर १२ मीटरची. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा वेग तयार सूत्राने धरणं) वापरून वाय-प्लस ५० केलं तर ०.७ मिलिमीटर, ते परवडतं. सगळीकडे चौकोनी ठोकळेच ठेवून ही बारकाई आणायची म्हटली तर सेलची संख्या कोटींच्या घरात नाही, त्याच्याही पार जाते. म्हणून भिंतीलगत पापुद्र्यांसारखे चपटे थर लावायचे. थर कोपऱ्यात कोसळतात, ही दुसरी डोकेदुखी.

कट-सेलचंही सांगून टाकतो, कुणीतरी विचारणारच. चौकोनी जाळी भिंतीने सरळ कापायची आणि उरलेला तुकडा सेल म्हणून धरायचा. आकार तंतोतंत मिळतो. पण कधी मूळ सेलचा शंभरावा हिस्सा उरतो, आणि कूरंट, फ्रिडरिक्स, लेवी यांची १९२८ ची अट म्हणते की पाण्याने एका टप्प्यात साधारण एका सेलपेक्षा जास्त उडी मारू नये. एक चिमुकला तुकडा अख्ख्या विहिरीचं घड्याळ मंद करतो. मग तुकडे शेजाऱ्यात विलीन करा वगैरे.

नासाने २०१४ मध्ये २०३० पर्यंतच्या सीएफडीचं चित्र मांडणारा अहवाल काढला होता. त्यातही जाळी तयार करणं हाच मोठा अडथळा म्हणून नोंदवलाय. विमानवाल्यांची ही गत, आपण तर विहिरीतले बेडूक.

उगाच_एक | मंगळवार, सकाळी ९:३०

एआय करून टाकेल की हे सगळं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

काटकोन | मंगळवार, सकाळी ९:३४

त्याला शिकवायला भोवरा दिसणारी हजार उदाहरणं लागतील. आमच्याकडे एक आहे, त्यात भोवरा दिसत नाही.

सांडवा | बुधवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. दोन दिवस यातच होतो. काटकोन, घाण सापडली, आणि जिथे शोधत होतो तिथे नाहीच.

चेकमेशमध्ये नॉन-ऑर्थोगोनॅलिटी ८१ अंश. म्हणजे दोन सेलच्या मध्यांना जोडणारी रेषा त्यांच्यातल्या भिंतीला जवळजवळ समांतर चाललेली. ७० च्या वर गेलं की बोंब, हे माहीत होतं, पण मागच्या वेळी "चारच सेल आहेत" म्हणून डोळेझाक केली होती. चारही बेलच्या रिबच्या कोपऱ्यात. रिबची धार वेगळी काढून स्नॅपीला दिली, ६४ वर आलं. दुसरी ऑर्डर उडायची थांबली.

मग बेलखाली जाळी बारीक केली: ६ सेंटिमीटरवरून १२ मिलिमीटर, मग ६, मग ३. आणि ३ ला काहीतरीच झालं. पंपाच्या वरच्या टोकाला १३३५ लिटर जात होते, पण बेलच्या गळ्यातून १२९० च येत होते. ४५ लिटर आले कुठून? अर्धा दिवस सीमाअटी तपासल्या. शेवटी कॉलम पाइप आडवा कापून बघितला. बेलच्या फ्लँजमध्ये आणि पाइपच्या फ्लँजमध्ये ४ मिलिमीटरची फट. ड्रॉइंगवाल्याने गॅस्केटची जागा सोडली होती, गॅस्केट काढलंच नव्हतं. जाळी ६ मिलिमीटरची होती तोवर फट सेलच्या पोटात बुजून जायची. ३ ची केल्यावर जाळी त्या फटीतून आत शिरली आणि पाणीही. बारीक केल्याने उत्तर सुधारेल म्हणून बारीक केलं, तर भोक उघडं पडलं.

फट बुजवली, आणि ८ मिलिमीटरवर स्थिरावलो. ३ परवडणार नाही, तिन्ही दिशांना सेल निम्मा केला की संख्या आठपट आणि वेळेचा टप्पाही निम्मा, म्हणजे काम सोळापट. आता ६२ लाख सेल आहेत, के-ओमेगा एसएसटीवर आधारलेलं डीईएस (वेळ चालू ठेवून मोठे भोवरे थेट सोडवणारी रीत), टप्पा ४ मिलिसेकंद. एक मिनिटाच्या प्रवाहाला १५ हजार टप्पे. ऑफिसच्या ३२ कोरच्या मशीनवर लावून आलोय. तीन-चार दिवस तरी जातील.

डोहकाका | गुरुवार, सकाळी ६:५०

धागा आत्ता वाचला. सांडवा, तू आणि काटकोन दोघे हुशार पोरं आहात, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तळाशी गाळ किती आहे?

मी ३० वर्षं हायड्रॉलिक मॉडेलं केली. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेमुळे (१९१६ पासूनची) पुण्याच्या आसपास ही विद्या रुजली, मी मात्र खाजगीत होतो. तुझ्या विहिरीचं १:१० मॉडेल करायचं तर फ्राउडच्या नियमाने वेग १० च्या वर्गमुळाने कमी आणि डिस्चार्ज ३१६ पटीने कमी. तुझ्या एका पंपाचे १३३५ लिटर माझ्याकडे सव्वाचार लिटर होतात. बेल दहा सेंटिमीटरचं, अॅक्रिलिकचं. तळाशी बारीक नळीने पोटॅशियम परमँगनेट सोडायचं आणि खाली मान घालून बघत बसायचं. भोवरा असेल तर जांभळी दोरी तळातून उठते, बेलमध्ये शिरते, तुटते, परत उठते. मानकाप्रमाणे रंगाचा असा सलग गाभा बेलमध्ये शिरता कामा नये. सक्शन पाइपात चार पात्यांची भिंगरी बसवायची, तिच्या फेऱ्यांवरून पाण्याला किती पीळ आहे तो कोन निघतो. ५ अंशांच्या आत हवा.

आमच्या मॉडेलात खोट नव्हती असं नाही. रेनॉल्ड्स अंक (जडत्व आणि चिकटाई यांचं गुणोत्तर) ३० पटीहून जास्त घसरतो, आणि पाण्याचा पृष्ठताण काही लहान होत नाही, म्हणून हवा ओढणारे भोवरे मॉडेलात जरा सभ्य वागतात. तुमच्या कॉम्प्युटरात ती अडचण नाही. पण तुझ्या सपाट झाकणाखाली हवेचा भोवरा तसाही दिसणार नाही. तळातला दिसेल.

ते सबमर्जन्सचं सूत्र वरून येणाऱ्या भोवऱ्यासाठी आहे, तेही पाणी सरळ येत असेल तर. तुझा पंप वाजतो तो बहुधा तळातल्या भोवऱ्याने. आणि तळातला भोवरा बेल आणि तळ यांच्यातल्या जागेवर अवलंबून असतो. ड्रॉइंगमध्ये अर्धा मीटर आहे. कृष्णेचं पाणी आहे ते, पावसाळ्यात चहासारखं येतं. जाऊन माप.

मेशपात्र | गुरुवार, सकाळी १०:१०

काका, परमँगनेट शेवटी कुठे सोडायचात?

डोहकाका | गुरुवार, सकाळी १०:४५

त्याच पाण्यात फिरत राहायचं. दुपारपर्यंत हौद गुलाबी व्हायचा, मग पाणी बदलून येईपर्यंत चहा. प्रयोगांची संख्या रंगावर नाही, चहावर ठरायची.

रक्तगट_ओ | गुरुवार, रात्री ११:५५

काकांचा प्रश्न वाचून अंगावर काटा आला. माझ्या क्षेत्रात याला रोग्याचं आजचं स्कॅन न बघता गेल्या वर्षीच्या स्कॅनवर शस्त्रक्रिया ठरवणं म्हणतील. सांडवा, गाळ मोजून आलात की इथे नक्की लिहा.

सांडवा | तीन आठवड्यांनी, मंगळवार, रात्री ९:४५

आधी सपाट तळाच्या रनचा निकाल. ६२ लाख सेल, ४ दिवस, आणि दोन नंबरच्या पंपाखाली एक अशक्त पीळ. अधूनमधून उठतो, बेलपर्यंत पोहोचायच्या आत विरतो. काकवीपेक्षा खूपच बरं, पण यावर पात्यांना खड्डे पडले असं मी कुणाला पटवू शकलो नसतो.

पहिल्याच शनिवारी जॅकवेलवर गेलो. ऑपरेटरला काकांचा प्रश्न विचारला तर तो म्हणाला, "गाळ हाय की. दोनच्या मागं ढीग हाय." रिपोर्टच्या वेळी का नाही सांगितलं, विचारलं. "तुम्ही इच्यारलं कुठं?"

दुपारी तिन्ही पंप बंद ठेवायला दोन तास मिळाले. ओळंब्याला पत्र्याची थाळी बांधली, गाळात रुतू नये म्हणून. वरच्या स्लॅबच्या खिडक्यांतून जिथे जिथे दोरी सोडता आली तिथे सोडली. एकूण २३ जागा. मी आकडा म्हणायचा, त्याने दरवाज्याच्या मागे खडूने लिहायचा. कालव्याच्या तोंडासमोर तळ जवळजवळ स्वच्छ. दोन नंबरच्या मागे, भिंतीच्या बाजूला ३४ सेंटिमीटर गाळ, आणि तो उतरत उतरत बेलच्या निम्म्या भागाखाली आलेला. म्हणजे बेलखाली एका अंगाला अर्धा मीटर आणि दुसऱ्या अंगाला जेमतेम सोळा सेंटिमीटर.

त्या २३ आकड्यांचा पृष्ठभाग केला, कडेला अंदाजाने ओढला, आणि सपाट तळ काढून तो बसवला. गाळ धरला तो घट्ट, न हलणारा, खडबडीत. हे खरं नाही, पण वाहणारा गाळ धरायचा तर तो वेगळाच धागा होईल. बाकी जाळी तीच, पद्धत तीच, टप्पा तोच.

अकराव्या सेकंदाला ढिगाच्या उतारावरून भोवरा उठला आणि थेट बेलमध्ये गेला. साधारण नऊ सेकंद टिकला, तुटला, थोडा सरकून परत उठला. गाभ्यात दाब सव्वा मीटर पाण्याइतका पडलेला. पाणी रुंद बाजूने जास्त आणि अरुंद बाजूने कमी शिरतं, त्यामुळे बेलखालीच त्याला पीळ बसतो, असं मला दिसतंय. पिळाचा कोन सरासरी ७ अंश. एक आणि तीन नंबरला २ च्या आसपास.

काटकोन | मंगळवार, रात्री १०:१५

मस्त. पण दोन शंका. एक, जाळी अजून एक पायरी बारीक केल्यावर ७ चे ७ राहतात का? किमान तीन जाळ्या, प्रत्येक पायरीला सेलचा आकार १.३ पटीहून जास्त फरकाने. डीईएसमध्ये हे सरळ लागू होत नाही हे मान्य, तरी बघ. दोन, तुझे २३ आकडे. ढिगाची कड तू अंदाजाने ओढलीस आणि भोवरा नेमका तिथूनच उठतोय.

सांडवा | मंगळवार, रात्री १०:५०

दोन्ही खरं आहे. १०.५ मिलिमीटरला ६.१ अंश आणि ८ ला ७ आलेत. ६ चं लावलंय, सेल एक कोटीच्या वर जातील, मशीन रडतंय. कडेचं म्हणाल तर ती ३० सेंटिमीटर आत-बाहेर सरकवून दोन रन केले. भोवरा दोन्हीत आहे. कोन ५.५ आणि ७.८. म्हणजे माझ्या जाळीने जेवढा फरक पडतो त्याच्या दुपटीहून जास्त फरक माझ्या ओळंब्याने पडतो. रिपोर्टमध्ये हेच वाक्य लिहिलंय, साहेबांनी दोनदा खोडलं, मी दोनदा परत लिहिलं.

डोहकाका | बुधवार, सकाळी ६:३०

लिहिलंस ते बरं केलंस. आता गाळ काढून घे आणि बेलखाली तळाला उभी पट्टी बसवता येते का बघ, भोवऱ्याला पाय ठेवायला जागा नको. मागच्या कोपऱ्यात काँक्रीटचा उतार दे, म्हणजे गाळ तिथे बसणार नाही. पट्टी आधी कॉम्प्युटरात बसवून बघ. त्यासाठी तुमचं यंत्र झकास आहे, आम्हाला दर वेळी अॅक्रिलिक कापावं लागायचं.

सांडवा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १:२०

धागा वर काढतोय.

गाळ काढला. पंपाचा आवाज कमी झाला, पूर्ण गेला नाही. ऑपरेटरच्या मते "खडीची वाळू झाली". व्हायब्रेशन मर्यादेच्या आत आलंय, पण काठावर. तळाची पट्टी कॉम्प्युटरात बसवली तर कोन ३ च्या खाली जातो. प्रत्यक्षात बसवायला पंप उचलावा लागेल, तो पाणीपाळी संपल्यावर.

६ मिलिमीटरच्या जाळीचं उत्तर ७.३ आलं, काटकोन.

आणि दरवाज्यामागचे खडूचे आकडे ऑपरेटरने पुसू दिले नाहीत. त्याखाली त्याने नवीन रकाना आखलाय, आता दर पंधरवड्याला तो स्वतः दोरी सोडतो. परवा फोटो पाठवला. दोनच्या मागे ६ सेंटिमीटर.